गोधडीसाठी मशीन घ्यायची आहे?

दिवाळी झाली, की आपल्या घनसावंगी भागात दोन कामे एकदम निघतात. एक कापसाची वेचणी आणि दुसरे गोधड्यांची डागडुजी. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे एव्हाना निघालेली असतात किंवा निघण्याच्या बेतात असतात. कोपीत खाली अंथरायला आणि वर पांघरायला त्यांची सारी भिस्त गोधडीवर. मागे राहणाऱ्यांनाही पौषातल्या रात्री गव्हाला पाणी द्यायला निघताना अंगाभोवती वाकळ लागतेच. म्हणून या दिवसांत गावागावांतून भगिनी एक प्रश्न हमखास विचारतात, "साहेब, गोधड्या शिवायला मशीन घ्यावी म्हणते. स्वस्तात बसंल अशी कोणती घेऊ?"

शेतीखात्याच्या माणसाला शिलाई मशीनचे विचारावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण फवारणीचा पंप घ्या, कडबाकुट्टी घ्या नाहीतर शिलाईची मशीन घ्या, हिशेब एकाच जातीचा असतो. काम कोणते, किती, आणि ते यंत्र त्या कामाला पुरेल का? मशीनच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरच्या गोधडीतच असते. म्हणून मशीन निवडावी ती गोधडीच्या जाडीवरून. रंगावरून, फुलांच्या चित्रावरून किंवा शेजारणीने घेतली म्हणून नव्हे.

आधी आकडा मांडा

भगिनींनो, पहिला प्रश्न स्वतःला विचारा. वर्षाला गोधड्या किती शिवणार? घरापुरत्या दोन-तीन शिवायच्या असतील, तर मशीन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या ताईकडे मशीन आहे तिला शिलाई द्यावी, किंवा बचत गटाची सामाईक मशीन असेल तर तिच्यावर पाळी लावावी. दहा दिवसांच्या कामासाठी कोणी ट्रॅक्टर विकत घेत नाही, भाड्याने लावतो. तोच न्याय इथे.

दुसऱ्यांच्या गोधड्या शिवून चार पैसे मिळवायचे असतील, तर मात्र कागद-पेन्सिल घ्या. समजा, मशीन स्टँडसकट ९,००० रुपयांना पडली. एका गोधडीची शिलाई ३०० रुपये मिळाली आणि दोरा, सुई, तेल यांत ४० रुपये गेले, तर हातात २६० उरले. म्हणजे मशीनची किंमत फिटायला ३५ गोधड्या शिवाव्या लागतील. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, आपापल्या गावचे भाव त्या जागी घालावेत. पण ३५ गोधड्या शिवायला देणारी घरे आपल्या गावात आणि शेजारच्या वाडीत आहेत का, हे मशीन घरी येण्याआधी मोजायचे. त्याबरोबर पोलके, परकर, पोरांचे कपडे, पिशव्या हे कामही मिळणार असेल, तर हिशेब लवकर जुळतो.

गोधडी म्हणजे सदरा नव्हे

सदऱ्याला दोन, फार तर चार पदर शिवायचे असतात. गोधडीत वरचे लुगडे, खालचे लुगडे आणि मध्ये जुन्या कपड्यांचे चार-पाच थर. जिथे ठिगळ आले किंवा काठ दुमडला, तिथे सहाचे बारा पदर होतात. मशीन अडते ती नेमकी तिथे.

असे का होते, ते समजून घ्या. मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा दोरा सुईबरोबर खाली जातो. सुई वर यायला लागली, की त्या दोऱ्याचा लहानसा फास होतो. खालचे शटल तो फास पकडते आणि बॉबिनचा दोरा त्यातून ओवला जातो. कापड फार जाड असले, की सुई वाकते, फास नीट होत नाही, शटलला तो सापडत नाही आणि टीप सुटते. दुसरी अडचण सरकण्याची. खालचे दाते खालच्या पदराला पुढे ढकलतात, पण वरचा पदर मशीनच्या पायाखाली दबून मागे राहतो. दहा-बारा ओळी झाल्या, की वरचे कापड एका बाजूला गोळा होते आणि गोधडी वाकडी होते.

यावरून गोधडीच्या मशीनला काय हवे ते ठरते. अंग जड हवे, पाय उचलल्यावर खाली पुरेशी फट हवी, पायाचा दाब कमी-जास्त करणारा स्क्रू हवा आणि टीप लांब करण्याची सोय हवी. काज, कशिदा, नागमोडी टीप, बटण दाबून निघणारी पन्नास नक्षीकामे यांतले काहीही गोधडीला लागत नाही. ज्या गोष्टींचे पैसे जास्त, त्याच आपल्याला नको आहेत. गरिबाच्या दृष्टीने ही मोठी सोयीची गोष्ट आहे.

बाजारात मिळते काय काय

एक, हातात धरायची किंवा बॅटरीवर चालणारी खेळण्याएवढी मशीन. जाहिरातीत ती फार छान दिसते. हातात धरायच्या मशीनची टीप बहुधा एकाच दोऱ्याच्या साखळीची असते. टोक सुटले, की पोत्याच्या शिलाईसारखी सारी उसवते. गोधडीला ही मुळीच घेऊ नये, फुकट मिळाली तरी.

दोन, प्लॅस्टिकच्या अंगाची, विजेवर चालणारी, अनेक टाक्यांची मशीन. घरगुती कपड्यांना आणि भरतकामाला ती चांगली. रोज जाड गोधड्या ओढायचे काम मात्र तिचे नव्हे. शिवाय तिचे बिघडलेले काम गावातल्या कारागिराच्या हातचे नसते.

तीन, आपली जुनी ओळखीची काळी, लोखंडी अंगाची, सरळ टीप घालणारी मशीन. उषा, सिंगर, किंवा लुधियानाच्या कारखान्यांतून येणारी त्याच घडणीची. हिच्या सुया, बॉबिन, शटल, पट्टा हे सगळे तालुक्याच्या बाजारात मिळते आणि दुरुस्ती करणारा सापडतो. ही हातमशीन म्हणून घेऊ नका, कारण एक हात चाक फिरवण्यात अडकतो आणि गोधडी धरायला दोन्ही हात लागतात. पायाने चालवायच्या लोखंडी स्टँडवर बसवून घ्या. वीज असो-नसो, काम चालते, आणि जाड ठिकाणी एकेक टीप सावकाश घालता येते. पुढे काम वाढले, तर याच मशीनला लहान मोटर बसवता येते.

चार, शिंपी वापरतात ती मोठी मशीन, जिला बाजारात 'छत्री मशीन' म्हणतात, आणि कारखान्यातली 'जुकी' पद्धतीची मशीन. यांत सुईच्या उजवीकडे जागा जास्त असते, त्यामुळे गुंडाळलेली गोधडी सहज मावते. पण त्यांचे दामही वरचे. जुकीला मोटर, मोठे टेबल आणि जागा लागते, आणि तिचा वेग नवख्या हाताला आवरत नाही. रोजचे काम असेल, गटाने मिळून धंदा करायचा असेल, तरच यांचा विचार करावा.

घरी थोडेफार काम आणि गावातल्या गोधड्या एवढाच बेत असेल, तर तिसरी मशीन पुरते. त्यापुढचा पैसा सुया, दोरा आणि चांगल्या कापडाला ठेवावा.

बियाण्यासारखी पारख करा

पेरणीआधी आपण ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण तपासतो. पिशवीवरच्या चित्रावर भरवसा ठेवत नाही. मशीनचीही अशीच उगवण तपासावी. दुकानात जाताना घरच्या गोधडीसारखा वीतभर चौकोन शिवून न्या. तेवढेच थर, तेच कापड, आणि एका कडेला दुमड घालून दुप्पट जाडी. दुकानदार आपल्याला दोन पदरी मांजरपाटावर सुंदर टीप घालून दाखवील. त्याला नम्रपणे म्हणावे, "दादा, आता एवढ्यावर घालून दाखवा."

सुई १६ नंबरची लावून सहा पदरांवर टीप पाहावी. जाड दुमडीसाठी १८ नंबर लावावी. अगदीच दाट काम असेल, तर २१ नंबरही मिळते, पण तिची भोके मोठी पडतात. टीप सर्वांत लांब करून एक हात लांबीच्या पाच-सहा ओळी घालायला लावा. मग तुकडा उलटून पाहा. दोन्ही बाजूंनी टिपा सारख्या दिसल्या पाहिजेत. खाली दोऱ्याचे फास लोंबत असतील, तर ताण जुळलेला नाही. तो जुळवून पुन्हा पाहावा. टीप सुटत असेल, चाक हाताने रेटावे लागत असेल, तर ती मशीन आपल्या कामाची नाही, मग भाव कितीही उतरो.

याच वेळी 'वॉकिंग फूट' नावाचा जोडभाग या मशीनला बसतो का, हे विचारून घ्यावे. हा चालता पाय वरच्या पदरालाही खालच्याबरोबर पुढे नेतो, त्यामुळे गोधडी गोळा होत नाही. तो मिळाला नाही, तरी काम अडत नाही. त्याचा उपाय पुढे सांगितला आहे.

जुनी मशीन घ्यावी का?

जरूर घ्यावी, पण बैल घेताना जसे दात पाहतो, चालवून पाहतो, तसे करावे. लोखंडी मशीन नीट तेलपाणी केले तर दोन पिढ्या चालते. पट्टा काढून चाक हाताने फिरवा. ते हलके आणि एकसारखे फिरले पाहिजे, मध्येच अडकता कामा नये. सुईचा दांडा धरून बाजूला हलवून पाहा. खळखळ हलला, तर आतली झीज झालेली आहे. शटल काढून त्याचे टोक पाहा. ते मोडके, बोथट किंवा गंजलेले असेल, तर नव्या शटलची किंमत सौद्यातून वजा करा. खालचे दाते झिजून गुळगुळीत झाले असतील, तर जाड कापड पुढे सरकणार नाही. वरचा रंग गेला असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करा. नव्या रंगात झिजलेली मशीन खपवणारेही असतात. शेवटी वीतभर चौकोनाची परीक्षा जुन्या मशीनलाही चुकवू नये, आणि शक्य असेल तर गावातला शिंपी बरोबर न्यावा.

पैसा कुठून आणायचा

शिलाई मशीन आणि हप्ता यांचे नाते जुने आहे. आयझॅक सिंगर याने अमेरिकेत १८५१ साली आपल्या मशीनचे पेटंट घेतले आणि १८५६ च्या सुमारास ती हप्त्याने विकायला सुरुवात केली. गरीब घरात मशीन पोहोचली ती त्यामुळे. यंत्रांविषयी कठोर बोलणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ साली सिंगरच्या मशीनला त्यातून वगळले होते. बाईचे कष्ट पाहून जन्मलेले यंत्र म्हणून त्यांनी तिचे कौतुक केले.

परंतु हप्त्याची दुसरी बाजूही पाहावी. ९,००० रुपये वर्षाला २४ टक्के 'सरळ' व्याजाने घेतले, तर व्याज २,१६० रुपये होते. दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर घेतले जाते. त्यामुळे खरा दर ४० टक्क्यांच्या वर जातो. वरच्या हिशेबाने आठाहून अधिक गोधड्यांची कमाई केवळ व्याजात गेली. तेच पैसे बचत गटातून शेकडा एक रुपया महिना, उरलेल्या मुद्दलावर, अशा दराने घेतले आणि बारा समान भागांत फेडले, तर व्याज ५८५ रुपये होते. दारावर येऊन तासाभरात कर्ज देणाऱ्याला "दर सरळ की उरलेल्या मुद्दलावर?" एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर द्यायला तो घुटमळला, तर सही करू नये.

सरकारी मदतीचेही पाहावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के दराने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. सध्या नोंदणी कोणत्या व्यवसायाची चालू आहे, हे सेवा केंद्रात आणि ग्रामपंचायतीत विचारून मगच कागद काढावेत. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे अनुदानाची मशीन आहे का, हे पंचायत समितीत विचारावे. 'उमेद'च्या गटात असाल, तर गटाच्या ताईंकडे चौकशी करावी.

एका गोष्टीपासून सावध राहा. 'मोफत शिलाई मशीन योजना' म्हणून मोबाईलवर संदेश फिरतात. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने असे दावे खोटे असल्याचे जाहीर केले आहे. त्या संदेशातल्या खुणेवर बोट ठेवू नये, आधारचा वा बँकेचा आकडा देऊ नये आणि नोंदणी फी म्हणून एक रुपयाही पाठवू नये.

मशीन आली, आता गोधडी

हाताने गोधडी शिवताना आजी काठापासून सुरुवात करते आणि धावदोरा घालत चौकोनाचौकोनाने मध्याकडे येते. मशीनवर याच्या उलट करावे. आधी सारे थर ताणून अंथरावेत आणि वीत-वीत अंतरावर मोठे कच्चे टाके घालावेत. मग मधली ओळ आधी घालावी, नंतर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक ओळ घेत काठाकडे जावे. म्हणजे जास्तीचे कापड बाहेर निघून जाते, मध्ये फुगत नाही. चालता पाय नसला, तरी कच्चे टाके आणि पायाचा थोडा सैल केलेला दाब यांवर काम भागते. गोधडीचा भार लोंबू देऊ नये. मशीनशेजारी बाज किंवा पाट ठेवून त्यावर तो टेकवावा, नाहीतर ओढीने सुई वाकून मोडते. जाड दुमड आली, की पायडल थांबवून चाक हाताने फिरवावे. पाय पुढून उचलला जात असेल, तर त्याच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सारावी, म्हणजे पाय सपाट बसतो.

दोऱ्याचा अंदाज असा. सहा फूट लांब, चार फूट रुंद गोधडीला दोन-दोन इंचांवर २४ ओळी घातल्या, तर १४४ फूट टीप होते. काठाची २० फूट धरून १६४ फूट, म्हणजे ५० मीटर. वरचा-खालचा मिळून दोरा टिपेच्या सुमारे तिप्पट लागतो, म्हणजे १५० मीटर. म्हणून लहान रिळे घेण्यापेक्षा मोठा कोन परवडतो.

दिवसाच्या कामानंतर दात्यांखालचा आणि शटलमधला कापसाचा भुगा ब्रशने काढावा आणि मशीनचेच तेल दोन-दोन थेंब द्यावे. करडईचे, शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल कधीही घालू नये. ते काही दिवसांत चिकट होते आणि मशीन जाम करते.

आता कापडाबद्दल. सुती लुगडी कमी झाली आणि घरोघरी नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या साठल्या. त्यांच्या गोधड्या दिसायला रंगीत, पण कापड सुळसुळीत असल्याने मशीनवर सरकते, आणि घामही शोषत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे असे कापड ठिणगी लागताच वितळते आणि अंगाला चिकटते. कोपीत चुलीशेजारीच लेकरे निजतात. म्हणून लहान मुलांची गोधडी दोन्ही बाजूंनी सुतीच असावी. सुती कापड थोडेच असेल, तर बाकीच्यांसाठी निदान अंगाला लागणारी बाजू तरी सुती ठेवावी.

मशीन आली म्हणून हाताचे काम सोडू नये, हेही सांगतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या कापसाच्या शेतात राबून काढल्या. त्यांच्या बायका शेतातले फाटके कपडे जोडून गोधड्या शिवत. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली आणि गोधड्या शहरात विकल्या. २००२ साली जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या. कापूस पिकवणाऱ्या बायकांच्या हातची ती कला, आपल्या आजीच्या हातातही तीच आहे. बोटभर अंतरावर धावदोरा घातला, तर वरच्याच मापाच्या गोधडीत ३८० फुटांहून जास्त शिवण होते, आणि जाणणारा गिऱ्हाईक त्याचे वेगळे दाम देतो. रोजच्या वापराची गोधडी मशीनवर शिवावी, लेकीच्या बाळंतविड्याची आणि विक्रीची खास गोधडी हाताने शिवावी.

तेव्हा भगिनींनो, येत्या बाजारी लगेच पैसे मोजू नका. या आठवड्यात फक्त दोन कामे करा. गावात किती गोधड्या शिवायला मिळतील ते घरोघर विचारून लिहून काढा, आणि तो वीतभर चौकोन शिवून ठेवा. आकडा जुळला आणि चौकोनावर टीप सरळ पडली, तर मशीन निर्धास्तपणे घरी आणा. यांतले एक जरी चुकले, तरी पैसे गाठीशी राहू द्या. हरभऱ्याच्या खुरपणीला ते कामी येतील.